हनुवटीवरचं गळू आणि न दुखणारा दात

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं. रुग्ण ३६ वर्षांचे, दूध संकलन केंद्रावर काम करणारे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तपासण्यांचे निष्कर्ष आणि माझी चूक मात्र होती तशीच ठेवली आहे. मी त्यांना दादा म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

माझ्याकडे येण्याच्या अकरा महिने आधी दादांच्या हनुवटीवर, दाढीच्या केसांत, मुगाच्या दाण्याएवढा फोड आला. केसतोड असेल म्हणून आईनं जवसाचं पोटीस बांधलं, मग हळद-चुना लावला. फोड फुटला, थोडा पू आला, खपली धरली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, आठवडाभर कोरडं राहिलं आणि परत वाहू लागलं. तालुक्याला एका सर्जननी चीर देऊन पू काढला, पट्ट्या केल्या. त्यानंतर तीन आठवडे इतकं छान होतं की दादांनी ग्रामदैवताला नारळ फोडला. चौथ्या आठवड्यात उशीच्या अभ्र्यावर पुन्हा पिवळा डाग.

सलूनवाला दाढी करायला नको म्हणू लागला. वस्तरा लागला तर भडकेल, ही त्याची भीती. मग दादांनी दाढीच वाढवली आणि दुखणं दाढीखाली झाकलं गेलं. अकरा महिन्यांत प्रतिजैविकांचे सहा कोर्स झाले, त्यातला एक सलग सहा आठवड्यांचा. प्रत्येक वेळी क्रम एकच: गोळ्या चालू असेपर्यंत कोरडं, थांबल्या की ओलं.

पुढे कुणीतरी क्षयाची शंका काढली. मॅन्टू चाचणीत हातावर १४ मिलिमीटरची गाठ आली आणि घरात सगळं बदललं. दादांचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा, चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घ्यायचं नाही. खरं तर मॅन्टू चाचणी एवढंच सांगते की क्षयाच्या जंतूंशी या शरीराची कधीतरी गाठ पडली आहे. आपल्याकडे अशी गाठ पडलेले प्रौढ गल्लोगल्ली सापडतील. पण घाबरलेल्या घराला हा फरक कोण समजावणार?

सुदैवानं दादा एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे पोहोचले आणि त्यांनी लगेच एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू करण्याची घाई केली नाही. तुकडा काढून तपासला, तर जुनाट सूज एवढंच निघालं. क्षयाच्या खुणा नाहीत, कर्करोगाच्या पेशी नाहीत. पुवात क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणीही नकारात्मक आली. सगळा भाग कापून काढायचा, असा एक पर्याय उरला होता. त्याआधी बाईंनी मला, दातांच्या डॉक्टरला, फोन केला, "कापायच्या आधी एकदा खालचे दात बघशील का?"

नेमका प्रश्न काय होता

दादा खुर्चीत बसले ते तक्रारीच्या सुरातच. "मॅडम, दुखणं हनुवटीचं हाय, दात ठणठणीत. ऊस खातो मी या दातांनी. तुमच्याकडं कशाला पाठवलंय, मला काय कळंना."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दातात जंतूंचा संसर्ग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती किडलेली दाढ, रात्रभराचा ठणका आणि गालाला आलेली सूज. यातलं त्यांना काहीच नव्हतं. एकही दात किडलेला नाही, गार-गरम लागत नाही, चावताना दुखत नाही.

पण ठणका हे दाताच्या आतला मगज, म्हणजे आपण जिला दाताची नस म्हणतो ती, अजून जिवंत असल्याचं लक्षण आहे. सुजलेल्या नसेला पसरायला जागा नसते, चारी बाजूंनी कठीण भिंती. म्हणून ती बोंबलते. ती मेली की दात गप्प होतो. रुग्णाला वाटतं बरं झालं. पोकळ, रक्तपुरवठा नसलेल्या त्या नळीत जंतू मात्र मजेत राहतात आणि मुळाच्या टोकातून हाडात झिरपत राहतात. हाड हळूहळू विरघळतं, पू साठतो. तो पू कोंडला तर वेदना, ताप, सूज. त्याला बाहेर पडायची वाट मिळाली तर काहीच नाही, नुसतं पाझरणं.

ही वाट कुठे उघडणार हे ठरतं मुळाचं टोक आणि स्नायू यांच्या नात्यावर. बहुतेकदा ती तोंडातच, हिरडीवर, एखाद्या पुळीसारखी उघडते. लोक ती नखानं फोडतात आणि विसरून जातात. खालच्या समोरच्या दातांची मुळं मात्र लांब असतील तर त्यांची टोकं हनुवटीच्या स्नायूच्या चिकटण्याच्या रेषेखाली असतात. तिथून हाड फोडून निघालेला पू स्नायूच्या खालून जातो आणि तोंडात न येता थेट हनुवटीच्या कातडीवर निघतो. खालच्या दाढेच्या बाबतीत हेच जबड्याच्या कडेला, गालाच्या खाली होतं. आम्ही याला सायनस म्हणतो, पण रुग्णापुढे हा शब्द टाळते, कारण सायनस म्हटलं की सगळ्यांचा हात नाकाकडे जातो. नासूर हा जुना शब्द लोकांना बरोबर कळतो: वरून बुजवलं तरी आतून वाहतं राहणारं भोक.

तेव्हा प्रश्न दोन होते. हा नासूर दातातून येतो का? आणि येत असेल तर चार सारख्या दिसणाऱ्या, न किडलेल्या, न दुखणाऱ्या दातांपैकी कुठल्या?

तपासणी

दाढी बाजूला सारून पाहिलं. आठ-नऊ मिलिमीटरचा लालसर उंचवटा, मधोमध खपली, आणि तो उंचवटा कडेपेक्षा मध्ये आत ओढलेला, खळीसारखा. साधं केसतोड असं आत ओढलेलं नसतं. एक बोट तोंडात ओठाच्या आत आणि दुसरं बाहेर हनुवटीवर ठेवून मधली ऊती चाचपली, तर कातडीपासून हाडाकडे जाणारी दोरीसारखी कडक वाट बोटांना लागली. इथेच माझी खात्री बरीचशी झाली. या तपासणीला ना यंत्र लागतं ना पैसा, आणि अकरा महिन्यांत ती कुणी केली नव्हती.

तोंडात खालच्या दातांच्या मागे कीटण भरपूर, तंबाखूचे डाग सगळ्यांवर सारखे. डाग पुसून, दात वाळवून दिव्याखाली धरले तेव्हा खालचा उजवा मधला दात शेजाऱ्यांपेक्षा किंचित राखाडी दिसला. आमच्या मोजणीत तो ४१ नंबरचा: तोंडाचे चार भाग, त्यातल्या चौथ्याचा पहिला दात. त्याच्या शेजारचा डावा मधला तो ३१. तंबाखूनं सगळ्यांना एकाच रंगात रंगवलं नसतं तर हा काळवंडलेला दात घरच्या आरशातही दिसला असता.

"हनुवटीला कधी मार लागला होता का?" यावर दादा आधी नाही म्हणाले. मग थांबून, "कबड्डीत एकदा टाच बसली होती. बारा वर्षं झाली की. दात हलले होते चार दिवस, मग बसले आपोआप."

मार लागलेल्या दाताची रक्तवाहिनी मुळाच्या टोकाशी तुटू शकते. दात जागेवर बसतो, पण आतला मगज मरतो. वरून भोक नसताना जंतू आत गेलेच कसे, असा प्रश्न पडतो. १९७६ साली स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठात यॉरान सुंडक्विस्ट यांनी असेच, मार लागून मेलेले पण वरून अखंड दात तपासले होते. ज्यांच्या मुळाशी हाड विरघळलं होतं अशा १९ दातांपैकी १८ मध्ये जंतू सापडले. हाड शाबूत असलेल्या दातांत सापडले नाहीत. नुसता मेलेला मगज वर्षानुवर्षं निमूट पडून राहू शकतो. इनॅमलमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांतून जंतू शिरले की मगच हाड जायला लागतं. दादांच्या बाबतीत टाच आणि फोड यांच्यात अकरा वर्षांचं अंतर होतं ते त्यामुळे.

मग प्रत्यक्ष चाचण्या. गार फवारा मारलेला कापसाचा बोळा एकेका दाताला लावला. ४२ नं लगेच हात वर. ३२ नं लगेच. ४१ ला काहीच नाही, पंधरा सेकंद धरूनही. आणि ३१ नं उशिरा, नाखुशीनं दिलेला प्रतिसाद. विजेच्या चाचणीतही तेच: ४१ शेवटच्या आकड्यापर्यंत मुका, ३१ शेजाऱ्यांपेक्षा वरच्या आकड्यावर बोलला. हिरडी आणि दात यांमधली फट चारही दातांभोवती तीन मिलिमीटरच्या आत, म्हणजे हिरडीचा आजार किंवा मुळाला गेलेली उभी चीर हे कारण नव्हतं.

शेवटी सगळ्यांत बोलकी तपासणी. रूट कॅनॉल भरायला वापरतो ती गटापर्चाची बारीक, लवचिक काडी हनुवटीवरच्या भोकातून हळूच आत सरकवली, अडेपर्यंत, आणि तशीच ठेवून एक्स-रे काढला. काडी एक्स-रेवर पांढरी दिसते. ती कातडीपासून वर चढत थेट ४१ च्या मुळाच्या टोकाला टेकली होती. टोकाभोवती साधारण सात मिलिमीटरचा काळा गोल. मी पडदा दादांकडे वळवला. त्यांनी बोटानं ती रेघ हनुवटीपासून दातापर्यंत हवेत काढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

एक गोष्ट मात्र या चित्रात टोचत होती. काळा गोल ३१ च्या टोकावरही पसरलेला दिसत होता.

पर्याय

दादांच्या पत्नी आणि आई दोघी सोबत होत्या, त्यामुळे चर्चा चौघांत झाली.

पहिला पर्याय दादांनीच मांडला: "काढून टाका दात. एकदाच काय ते." खर्चाच्या दृष्टीनं सगळ्यांत स्वस्त आणि नासूर बंद होण्याची जवळजवळ हमी. पण समोरचा दात गेला की पूल बसवायचा तर दोन चांगले दात घासावे लागतात, आणि इम्प्लांटचा खर्च रूट कॅनॉलच्या कितीतरी पट. आईचा विरोध वेगळ्याच कारणानं होता: "दात काढला की नजर कमी हुतीया." हा समज आमच्या भागात घट्ट आहे. डोळ्याच्या नसा वेगळ्या, दाताच्या वेगळ्या, एकीचा दुसरीला पत्ता नाही, हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगते. या खेपेला मात्र आजींचा गैरसमज माझ्याच बाजूनं काम करत होता, म्हणून जरा अवघडल्यासारखं झालं. तरी खरं ते सांगितलं.

दुसरा पर्याय, हनुवटीचा भाग कापून काढणं. उगम दातात असताना वरची वाट कापली तर व्रण वाढेल आणि नासूर परत येईल. हे त्वचारोगतज्ज्ञ बाईंशी फोनवर बोलून तिथेच बाद केलं.

तिसरा, आणखी एक प्रतिजैविकाचा कोर्स. याला माझा ठाम नकार होता. मेलेल्या दातात रक्त खेळत नाही, तर रक्तातून जाणारं औषध तिथे पोहोचणार कसं? ते हाडातल्या सुजेपर्यंत जातं, ती तात्पुरती बसवतं, म्हणून गोळ्या असेपर्यंत कोरडं. दातावर उपचार करणं शक्य असेल तर निरोगी प्रौढांना अशा स्थानिक संसर्गासाठी प्रतिजैविकं देऊ नयेत, असं अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. ताप असता, सूज जबड्याखाली किंवा जिभेखाली पसरत असती, तोंड उघडत नसतं, गिळायला त्रास असता, तर गोष्ट वेगळी. तिथे गोळ्यांवरही भागत नाही, रुग्णालय गाठावं लागतं. दादांना यातलं काही नव्हतं. साखर तपासून घेतली, तीही ठीक होती.

राहिलं रूट कॅनॉल. पण एका दाताचं की दोन्ही? ३१ चा प्रतिसाद मंद होता, काळा गोल त्याच्यावरही होता. दोन्ही उघडले असते तर एका फटक्यात शंका मिटली असती, आणि खरं सांगायचं तर अनेक ठिकाणी तसंच केलं जातं. माझं गणित असं होतं: एक्स-रे ही सपाट सावली आहे. पुढे-मागे असलेल्या दोन गोष्टी तिच्यात एकावर एक दिसतात. ४१ ची हाडातली पोकळी फुगत जाऊन ३१ च्या टोकासमोर आली तरी चित्र असंच दिसेल. मंद का होईना, प्रतिसाद देणारा दात जिवंत आहे. जिवंत दाताचा मगज काढला की तो परत घालता येत नाही. थांबलो आणि चुकलो तर महिन्याभरानं उघडता येतो. म्हणून ४१ चंच करायचं आणि ३१ दर भेटीत तपासायचा.

घरच्यांनी होकार दिला. निघताना दादांच्या पत्नीनं विचारलं, "मग टॉवेल वेगळा ठेवायची गरज नाही ना?" नाही, म्हटलं. मुलीलाही घ्या मांडीवर.

केलेले उपचार

पहिल्या भेटीत ४१ वर पेननं टिकली काढली. हसू येईल, पण रबरी पडदा चढवला की खालचे चारही दात जुळ्या भावंडांसारखे दिसतात आणि चुकीचा दात उघडल्याच्या गोष्टी आमच्या धंद्यात आहेत. भूल मुद्दाम दिली नाही. दुखलं की हात वर करा, असं सांगून मागच्या बाजूनं ड्रिल सुरू केलं. आत पोहोचेपर्यंत हात वर आला नाही. दात मेल्याचा याहून पक्का पुरावा नाही.

आत रक्त नव्हतं. करडा, ओलसर, वास येणारा गाळ होता. नळीची लांबी यंत्रानं मोजली, साडेवीस मिलिमीटर. फाइलनं, म्हणजे बारीक खरखरीत सुईनं, साफ केली, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणानं भरपूर धुतली. इथे थोडी भीती असते: हाडातून कातडीपर्यंत वाट उघडी असताना हे द्रावण जोरात ढकललं तर ऊती भाजू शकतात. म्हणून बाजूला भोक असलेली सुई, टोकापासून दोन मिलिमीटर अलीकडे, आणि पिस्टनवर फक्त बोटाचा भार. शेवटी जंतू मारणारं कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून दात तात्पुरता बंद केला. कीटण काढून दिलं. दोन आठवड्यांनी या, तोवर खपली खाजवायची नाही, मलम नाही, गोळी नाही.

"गोळी नाही?" दादांना हे पचलं नाही. इतक्या डॉक्टरांनंतर चिठ्ठीविना परतायचं म्हणजे उपचार झाल्यासारखंच वाटत नव्हतं. त्यांना एवढंच म्हटलं, सहा वेळा गोळ्यांना संधी दिली, एकदा दाताला द्या.

चौदावा दिवस

दात नीट साफ झाला की असा नासूर साधारण एक-दोन आठवड्यांत सुकतो. चौदाव्या दिवशी दादा आले तेव्हा उंचवटा बसला होता, लाली कमी होती, पण दाबल्यावर भोकातून पुवाचा थेंब आला. छोटासा. आलाच मात्र.

या क्षणावर मी इथे जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण पूर्ण प्रकरणात सगळ्यांत सोपं होतं ते इथे चुकणं. दादा गोळ्या मागत होते. माझ्या डोक्यात ३१ होता: बघ, तेव्हाच दोन्ही उघडायला हवे होते. आणि आणखी एक मोहक विचार, की अकरा महिन्यांचं जुनं दुखणं आहे, अजून दोन आठवडे दिले तर सुकेल. तिन्ही विचारांत एक गोष्ट समान होती. त्यांत माझं काम बरोबर आहे हे गृहीत धरलेलं होतं.

३१ पुन्हा तपासला. प्रतिसाद अजून उशिरा, पण पहिल्यापेक्षा थोडा लवकर. म्हणजे तो सुधारत होता. दोषी असता तर उलट व्हायला हवं होतं. मग ४१ चा एक्स-रे नळीत फाइल ठेवून पुन्हा काढला, या वेळी तिरप्या कोनातून. पहिल्या भेटीत मी फक्त सरळ समोरून काढला होता. तिरप्या चित्रात फाइल मुळाच्या मधोमध नव्हती, ओठाकडच्या बाजूला सरकलेली होती. मूळ रुंद आणि फाइल एका कडेला, याचा अर्थ दुसऱ्या कडेला आणखी एक नळी आहे.

खालच्या समोरच्या दातांत दर दहांपैकी तीन-चार दातांत दोन नळ्या असतात. एक ओठाकडे, एक जिभेकडे. समोरून पाहिलं तर त्या एकामागे एक असल्यानं एक्स-रेवर एकच दिसते. जिभेकडच्या नळीच्या तोंडावर दाताच्याच पदार्थाची एक वळचण असते. दात छोटा, म्हणून आपण भोक छोटं ठेवतो आणि ती वळचण तशीच राहते. हे मला पहिल्या वर्गातल्या पाढ्यासारखं पाठ आहे. विद्यार्थ्यांना मी हे शिकवलेलंही आहे. आणि तरीही त्या दिवशी ओपीडी भरलेली होती, एक नळी मिळाली, लांबी बरोबर आली आणि मी पुढे गेले.

भोक जिभेच्या बाजूला दीड मिलिमीटरनं वाढवलं, वळचण काढली, भिंग लावलं. दहा नंबरच्या फाइलचं टोक जरासं वाकवून जिभेकडच्या भिंतीला घासत खाली सरकवलं तेव्हा ते एका जागी अडकलं आणि आत गेलं. दुसरी नळी. ती खाली जाऊन पहिलीला टोकाच्या जवळ मिळत होती, या दातांत बहुतेकदा असंच असतं. म्हणजे टोक मी साफ केलं होतं, पण वरच्या बाजूनं गाळाचा दुसरा डबा तसाच उघडा होता आणि टोकाला जंतूंचा रतीब घालत होता. दोन्ही नळ्या साफ केल्या, हायपोक्लोराइट आत ढवळत ठेवून धुतलं, पुन्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं.

दादांना जे झालं ते सांगितलं: आत दोन खोल्या होत्या, मी एकच झाडली. पैसे घेणार नाही. ते म्हणाले, "आधीच्यांनी तर अंगणच झाडलं नव्हतं." हे त्यांचं मोठेपण.

परिणाम

नवव्या दिवशी फोन आला, अभ्रा कोरडा आहे. तिसऱ्या आठवड्यात भोक बुजलेलं होतं, दाबून काही येत नव्हतं, दोरीसारखी वाट मऊ पडली होती. मग दोन्ही नळ्या गटापर्चा आणि सीलरनं भरल्या, मागचं भोक कॉम्पोझिटनं बंद केलं. दाढेला लागते तशी टोपी इथे लागत नाही. समोरच्या दातावर चावण्याचा भार कमी आणि आपण पाडलेलं भोक लहान, बाकी दात शाबूत.

सहा महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेत काळा गोल अर्ध्यावर आला होता. एका वर्षानं ४१ च्या टोकाशी एक बारीक धूसर रेघ सोडली तर हाड भरलेलं होतं. ३१ च्या टोकावरची सावली पूर्ण गेली, त्याला हातही न लावता. आता गार बोळा लावला की ३१ बाकीच्या भावंडांबरोबरच हात वर करायला लावतो.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्यापुरतं उत्तर सरळ आहे: पहिल्याच दिवशी दोन कोनांतून एक्स-रे. त्याला पाच मिनिटं जास्त लागली असती आणि दादांचे दोन आठवडे वाचले असते. त्रिमितीय स्कॅन साताऱ्यात करून घेता आला असता, त्यात दुसरी नळी आणि ३१ चा निर्दोषपणा दोन्ही लगेच दिसले असते. पण तिरप्या एक्स-रेनं जे कळतं त्यासाठी रुग्णाला खर्चात आणि जादा किरणांत टाकायला मी अजूनही कचरते. तिरप्यात काही दिसलं नसतं तर पाठवलं असतं.

आधीच्या डॉक्टरांना नावं ठेवायची इच्छा नाही. दाढीतला फोड पहिल्या वेळी केसतोड समजणं योग्यच होतं. दुसऱ्या वेळीही. पण त्याच जागी, त्याच भोकातून तिसऱ्यांदा पू आला, तिथे प्रश्न बदलायला हवा होता. "कुठली गोळी?" हा प्रश्न सोडून "हे येतंय कुठून?" हा विचारायला हवा होता. सर्जननी चीर दिली तेव्हा एक बोट ओठाच्या आत घातलं असतं तर ती दोरी तिथेच लागली असती. तुकडा तपासणं आणि सीबीनॅट हे मात्र वाया गेलं असं मी म्हणणार नाही. तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या हनुवटीवर न भरणारी जखम असेल तर कर्करोग नाही हे कुणीतरी बघायलाच हवं, आणि क्षयही. फक्त दाताचा एक्स-रे या सगळ्याच्या आधी यायला हवा होता. तो सगळ्यांत स्वस्त होता.

बारा वर्षांपूर्वी, टाच बसली तेव्हा, दात तपासले असते तर? यावर मी जरा सावध आहे. मार लागल्यावर पहिले काही आठवडे जिवंत दातही कधीकधी चाचणीला उत्तर देत नाही, आणि घाईनं त्याचं रूट कॅनॉल केलं जातं. योग्य मार्ग म्हणजे एक एक्स-रे काढून ठेवणं आणि तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा बघणं. गावच्या कबड्डीत दात हलला आणि चार दिवसांत बसला, त्यासाठी कोण वर्षभर दवाखान्याच्या फेऱ्या मारणार, हेही मला ठाऊक आहे.

हनुवटीवर खळी राहिली आहे. कातडी हाडाकडे ओढली गेली होती, ती पूर्ण सैल झाली नाही. प्लास्टिक सर्जनकडून दहा मिनिटांत ती सोडवता येईल असं सांगितलं, चिठ्ठीही दिली. दादा गेले नाहीत. दाढीही परत काढली नाही त्यांनी, आता ती मुलीला आवडते म्हणतात. ४१ राखाडीच आहे. आतून उजळता येतो, पण तंबाखू सुटेपर्यंत मी तो उजळणार नाही असं ठरलं आहे, आणि तंबाखू अजून सुटलेली नाही. पुढचा एक्स-रे दोन वर्षं पूर्ण झाल्यावर.